टॅब ठाण्यात, डबा बाजारात

ती घटना आजही आठवते, आणि आजही डोकं तापतं. निवृत्त माणसाने रागावू नये, रक्तदाब वाढतो, असं माझे डॉक्टर सांगतात. डॉक्टरांनी तो उद्घाटनाचा कार्यक्रम पाहिलेला नाही.

मी तेव्हा मीरा-भाईंदरमधल्या एका ठाण्यात पोलीस निरीक्षक (गुन्हे) होतो. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. नाव मी कुणाचंच सांगणार नाही. ज्याने गुन्हा केला त्याचं काय करायचं ते न्यायालय बघेल, आणि जिने सोसलं तिला प्रसिद्धी नकोच होती.

मीरा रोडच्या मासळी बाजारात उत्तनहून रोज सकाळी टेम्पोने येणाऱ्या पाच बायकांचा गट होता. सगळ्या ख्रिस्ती घरांतल्या. एका ओळीत पाच ओटे, पाच टोपल्या, आणि गटाचं एकच बँक खातं. ओट्यावरची जागा सासूकडून सुनेकडे जाते. हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नसतं, पण बाजारात ते सातबाऱ्याइतकं पक्कं मानतात. तितकाच पक्का दुसरा नियम असा की, जिच्यावर चोरीचा ठपका बसला तिची जागा जाते. नुसती तिची नव्हे, तिच्या घराची. पुढे तिची सून आली तरी तिला बसू देत नाहीत.

आमच्या भागातले एक पुढारी, ज्यांना सगळे 'भाऊ' म्हणत, त्यांनी या पाच जणींना डिजिटल करायचं ठरवलं. म्हणजे एक टॅब, एक बिनतारी स्पीकर आणि क्यूआर कोडचा एक फलक द्यायचा. एवढ्यासाठी मंचावर अकरा खुर्च्या होत्या. बंदोबस्ताला मी होतो, म्हणून मोजल्या. फीत टॅबलाच गुंडाळली होती आणि कात्री चांदीची होती. भाऊंनी ती इतक्या जोरात चालवली की टॅबच्या काचेवर ओरखडा पडला. भाषणं दीड तास चालली, प्रशिक्षण दहा मिनिटं. ते देणारा तरुण ज्या एजन्सीला कंत्राट मिळालं तिचा माणूस होता. काळा ब्लेझर, गळ्यात ओळखपत्र, त्यावर 'टेक्निकल हेड'. एजन्सीत माणसं तीन होती हे नंतर कळलं. बायका त्याला 'सर' म्हणू लागल्या.

आता एक साधी गोष्ट बघा. मासळी विकणाऱ्या बाईचा हात सकाळपासून बर्फात आणि मासळीच्या पाण्यात असतो. ओल्या बोटाला टॅबची काच दाद देत नाही. अकरा खुर्च्यांवरच्या एकालाही हे सुचलं नव्हतं. म्हणून बायकांनी त्यांचा मार्ग काढला. टॅब प्लास्टिकच्या पिशवीत घालून मागच्या लाकडी पेटीत ठेवला आणि स्पीकर वरच्या खांबाला तारेने बांधला. गिऱ्हाइकाने पैसे पाठवले की टॅबमधलं ॲप त्या स्पीकरमधून बोलायचं, 'अमुक रुपये प्राप्त झाले.' बायका त्याला 'डबा' म्हणत. डबा बोलला की पिशवी गिऱ्हाइकाच्या हातात. टॅब उघडायचा तो दुपारी, हात धुऊन, कोरडे करून. ते काम पाचांतली एक करायची, कारण ती दहावी झालेली होती. तिची सासू तिला 'सूनबाय' म्हणायची, म्हणून मीही इथे तिला सूनबाई म्हणतो. नवरा बोटीवर खलाशी होता, आठ-दहा दिवस समुद्रात असायचा.

दीड महिन्यात हिशेब तुटायला लागला. विकलेली मासळी आणि जमा झालेले पैसे जुळेनात. तूट साठ-सत्तर हजारांवर गेली तेव्हा उरलेल्या चौघी भाऊंकडे गेल्या आणि भाऊंनी त्यांना आमच्याकडे पाठवलं. तक्रारदार होती सूनबाईच्या शेजारच्या ओट्यावरची बाई.

"साहेब, डबा बोलतो ते आमी सगल्या आयकतो," ती म्हणाली. "पैसं येतात ते खरं. मंग जातात कुटं? टॅब हिच्या हातान हाय."

विश्वासघाताचा गुन्हा नोंदवला. सूनबाईला नोटीस देऊन, बाजारात गाडी पाठवून चौकशीला आणलं. महिला शिपाई शेजारी बसवली. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच, एवढा वेळ मी तिला तेच ते विचारत होतो. ती हात टेबलाखाली धरून बसली होती. हातांना वास येतो म्हणून, असं महिला शिपायाने मला नंतर सांगितलं. मला तेव्हा ते अपराधी माणसाचं लक्षण वाटलं.

"टॅबचा पिन कुणाला ठाऊक आहे?"

"मला. आन सरांना. त्यांनीच टाकून दिलान."

मी कागदावर 'मला' एवढंच लिहिलं.

"डबा बोलला म्हणजे पैसे आले ना?"

"तेच तर मला समजत न्हाय, साहेब. डबा बोलतो, पन टॅबान दिसत न्हाय. सकालची भवानीची रक्कमच दिसत न्हाय. दोनदा झाला, मी सरांना इचारला. ते बोलले, नेटवर्क हाय, उद्या येल."

चौतीस वर्षं माणसांना प्रश्न विचारून मला एक गोष्ट कळली होती. खोटं बोलणारा प्रत्येक वेळी गोष्ट जरा सुधारून सांगतो. खरं बोलणाऱ्याची गोष्ट पहिल्यांदा जितकी लंगडी असते तितकीच दहाव्यांदा असते. सूनबाईची गोष्ट सहा तास तितकीच लंगडी राहिली. हे मला दिसत होतं. तरी मी पुढे रेटलं, कारण माझ्याकडे तज्ज्ञाचा जबाब होता.

तज्ज्ञ म्हणजे कोण? तर सर. बँकेला पत्र लिहिलं होतं, उत्तराला आठवडा लागणार होता. तांत्रिक बाब कळत नव्हती, म्हणून मीच त्याला मानाने बोलावलं होतं. त्याच्यासाठी स्पेशल चहा मागवला. तो ब्लेझरमध्ये आला.

"सर, सिंपल आहे," तो मला म्हणाला. "मशीन खोटं बोलत नाही. स्पीकर बोलला म्हणजे पैसा आला. आला आणि दिसत नाहीये, म्हणजे कुणीतरी फिरवलाय. ॲक्सेस कुणाकडे आहे ते बघा. बाकी मी कुणाचं नाव घेणार नाही, गरीब लोक आहेत."

हे शेवटचं वाक्य ऐकून मला तो सज्जन वाटला होता. आज लिहितानाही लाज वाटते.

सूर्यास्ताआधी बाईला ठाण्यातून सोडावं लागतं, म्हणून सूनबाईला सोडलं. त्याच संध्याकाळी भाऊंचा फोन आला.

"साहेब, बाईला आत घ्या ना. कशाला ताणताय? योजना चांगली आहे, बाई वाईट निघाली, एवढं लोकांना कळू दे. पुढच्या महिन्यात काशीगावात आणखी वीस टॅब वाटायचेत आपल्याला."

"आपल्याला म्हणजे कुणाला?"

"म्हणजे... जनतेला."

अटक करायची की नाही हे माझ्या हातात होतं. मी भाऊंना 'बघतो' म्हणालो. पोलीस खात्यात 'बघतो' म्हणजे नकारही नव्हे आणि हिंमतही नव्हे.

दुसऱ्या दिवशी हवालदाराला पाठवून टॅब जप्त केला. पंचनाम्यात आलं, 'एक टॅब, काळा, काचेवर ओरखडा, कव्हर व चार्जरसह.' लाखेचं सील लावून मुद्देमाल कक्षात ठेवला. स्पीकर राहिला. का राहिला, असं विचारलं तर हवालदार म्हणाला, "साहेब, वर खांबाला तारेने आवळलाय. शिडी नव्हती." मी म्हटलं, राहू दे, पैसे तर टॅबमध्ये असतात.

इकडे बाजारात निकाल लागला होता. चौघींनी सासूला सांगितलं, सोमवारपर्यंत जागा मोकळी कर. सूनबाईने बाजारात पाय ठेवायचा नाही. सासू सत्तरीची होती. गुडघे गेले म्हणून चार वर्षांपूर्वी तिने जागा सुनेला दिली होती. आता ती परत येऊन बसली, टोपलीत थोडी मांदेली आणि बोंबील घेऊन. विकायला आली नव्हती, जागा धरून बसायला आली होती.

शनिवारी सकाळी सव्वानऊला तिने ठाण्यात फोन केला. ठाणे अंमलदाराने "आजी, काय ते अर्जात लिहून द्या" म्हणून दोनदा फोन ठेवला. तिसऱ्या वेळी मी शेजारी होतो म्हणून घेतला.

"साहेब, डबा बोल्ला!"

"काय बोलला?"

"नवशे साठ रुपये प्राप्त झाले, असा बोल्ला. माज्याकडं गिऱ्हाईक न्हाय. चौघींकडं पन न्हाय, मी इचारला. तुमचा त्यो टॅब ठाण्यान हाय का न्हाय?"

"आहे."

"सील केलेला?"

"सील केलेला."

"मंग डबा कुनाच्या तोंडानं बोल्ला?"

मी तिला फोन धरायला सांगून मुद्देमाल कक्षात जाऊन आलो. सील शाबूत होतं. टॅब बंद होता. मी म्हातारीला विचारलं. आसपास कोण होतं?

"कोन न्हाय. नुसते सर हुते, पल्याड च्या पीत. आमाला सांगाया आल्ते का नवा टॅब गावंल, पन सूनबायला परत घेव नका. डबा बोल्ला तसा त्यांनी खिशान हात घातलान आन गेले."

"सर बाजारात नेहमी येतात?"

"येतात म्हंजे? भवानी त्यांचीच असते. त्यांचा हात चांगला, साहेब. त्यांनी पयली मासली घेतली का दुपारपर्यंत टोपली खाली."

दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. भवानीच्या गिऱ्हाइकाशी घासाघीस करत नाहीत, त्याच्यासमोर पैसे मोजत नाहीत, तपासत तर नाहीतच. नोट आली की कपाळाला लावतात. उत्तनच्या या बायका नोटेने क्रूसाची खूण करतात. आता नोट नव्हती, म्हणून डबा बोलला की त्या डब्याकडे बघून क्रूस करत होत्या. सूनबाईने सहा तासांत 'भवानी' हा शब्द कितीदा उच्चारला होता ते मी जबाब काढून पाहिलं. एकदाही नव्हता. मी लिहिलाच नव्हता. मला वाटलं, बायकांची अंधश्रद्धा, तपासाशी काय संबंध.

त्या दुपारी हवालदार बेव्हर्ली पार्कमध्ये सर राहत होता त्या इमारतीत गेला. साहेब लोकांपुढे लोक सावध बोलतात, पण रखवालदार हवालदाराशी मनापासून बोलतो. दहा मिनिटांत तो लिफ्टमधला एक कागद घेऊन परतला. 'ताजी उत्तनची मासळी, घरपोच.' खाली क्यूआर कोड. रखवालदार म्हणाला होता, "मच्छी का साइड बिझनेस है उनका। पूरे कॉम्प्लेक्स में जाता है।"

मग स्पीकर उतरवला. शिडी बॅनर लावणाऱ्याकडून आणली; आमच्या भागात शिड्या त्यांच्याकडेच असतात. स्पीकर रीतसर पंचांसमोर ताब्यात घेतला, माझ्या खोलीतल्या कपाटावर ठेवला आणि चालू केला. रविवारी सकाळी सरला फोन केला. म्हटलं, एक तांत्रिक शंका आहे, तुमच्यासारख्या जाणकाराची मदत हवी. जाणकार लगेच निघाला. अशा माणसांना बोलवायला समन्स लागत नाही.

तो दारातून आत आला, दोन पावलं टाकली, आणि कपाटावरून दोन सूर वाजले. स्पीकर म्हणाला, "कनेक्टेड."

तो वर बघत राहिला. मग हसला.

"जुनं पेअरिंग आहे, सर. डेमोच्या वेळी माझाच फोन जोडला होता ना. ऑटोमॅटिक होतं."

"असेल," मी म्हटलं. "बसा. चहा?"

महिला शिपाई बाहेर ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी तो लिफ्टमधला कागद घेऊन उभी होती. तिने कोड स्कॅन केला आणि स्वतःच्या खात्यातून दहा रुपये पाठवले. मी अजून त्याला काहीच विचारलं नव्हतं.

"दहा रुपये प्राप्त झाले," कपाट बोललं. तोच आवाज, तेच शब्द. बाजारात ज्याच्याकडे बघून पाच बायका क्रूस करत होत्या, तोच.

हवालदार दारात उभा होता. तो म्हणाला, "मशीन खोटं बोलत नाही ना, सर?"

ब्लेझर घातलेल्या माणसाला इतका घाम आलेला मी पहिल्यांदा पाहिला. त्याने सगळं सांगितलं, आणि सांगताना थोडा अभिमानही होता, हे मी विसरत नाही. त्या स्पीकरला एकाच वेळी दोन उपकरणं जोडता येत होती. एक टॅब, दुसरा त्याचा फोन. तेच ॲप त्याच्या फोनवर, पण खातं त्याचं. सकाळी भवानीला जायचं, पापलेट-कोळंबी घ्यायची, फलकासमोर मोबाइल धरल्यासारखं करायचं आणि बायकोच्या खात्यातून स्वतःच्या खात्यात तेवढीच रक्कम टाकायची. त्याचा फोन बायकांच्या डब्यातून बोलायचा. पैसे नवऱ्या-बायकोतच राहायचे आणि मासळी घरी जायची. ती बेव्हर्ली पार्कात पुन्हा विकायची. शनिवारी तो नुसता बोलायला बाजारात गेला होता. नेमकं तेव्हा कुणा गिऱ्हाइकाने त्याला घरपोच मासळीचे नऊशे साठ रुपये पाठवले. खिशातला फोन सवयीने डब्याला जोडला गेला आणि डब्यातून बोलला.

पुढे बँकेचे उतारे आले. बायकोच्या खात्यातून नवऱ्याच्या खात्यात, सकाळी सात-साडेसातच्या सुमाराला, पापलेटच्या भावाच्या रकमा. नऊशे साठची नोंदही म्हातारीने सांगितलेल्या वेळेची. इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रासह सगळं दोषारोपपत्राला जोडलं.

"पण त्या बाईवर आळ आला तेव्हा तरी?" मी त्याला विचारलं होतं.

"ते बाय चान्स झालं, सर," तो म्हणाला. "माझं तसं इंटेन्शन नव्हतं."

तिचं नाव माझ्या खोलीत बसून, माझा चहा पिऊन, जबाबात सुचवणारा हाच होता. त्याचं बखोट धरून त्याला खिडकीशी न्यावं असं मला वाटलं. मी पाणी प्यायलो आणि अटकेचा फॉर्म भरायला सांगितला.

दोन दिवसांनी नाक्यावर बॅनर लागला. 'डिजिटल चोराला गजाआड करणाऱ्या पोलिसांचे जाहीर अभिनंदन.' पोलिसांचा फोटो नव्हता, भाऊंचा होता. काशीगावातले वीस टॅब दुसऱ्या एजन्सीकडून ठरल्याप्रमाणे वाटले गेले. वर्तमानपत्रात आलं की आम्ही 'अत्यंत शिताफीने' छडा लावला. छडा सत्तरीच्या एका बाईच्या कानाने लावला, आणि तोही आमच्याकडे शिडी नव्हती म्हणून. हवालदाराने स्पीकर जप्त केला असता तर सूनबाई बहुधा आत गेली असती. भाऊंनी ठेवलेल्या सत्काराच्या शाल-श्रीफळाला मी गेलो नाही. ताप आहे असं कळवलं. ते खोटंही नव्हतं.

सूनबाईला बोलावून सांगितलं, तुझं नाव आरोपी म्हणून वगळलंय, न्यायालयात तसा अहवाल जाईल. ती उभीच होती.

"मला तसा लिवून द्या, साहेब. का मी चोर न्हाय. बाजारान दाखवाया."

मी कारकुनाकडे बघितलं, कारकुनाने माझ्याकडे. माणूस संशयित आहे, फरार आहे, सराईत आहे, या सगळ्याचे छापील नमुने आमच्या कपाटात होते. माणूस चोर नाही, याचा नमुना खात्याने कधी छापलेला नाही. गरज वाटली नसावी. अहवालाची प्रत म्हणाल तर ती तिला न्यायालयातून कधीतरी मिळाली असती, अशा भाषेत की तक्रारदाराला वाचून दाखवायला वकील लागला असता. आणि तिच्या ओट्यावर सोमवारपासून दुसरीची टोपली होती.

निवृत्तीनंतर मी व्याख्यानं देतो, तिथे या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं विचारतात. बिनतारी उपकरणं घरात-दुकानात जोडलीत तर अनोळखी जोडण्या काढून टाका, आणि डबा काहीही बोलो, पडदा बघा, हे मी सांगतोच. पण मी शिकलो ते वेगळं. ज्याच्या गळ्यात ओळखपत्र होतं त्याला मी खुर्ची दिली आणि जिचे हात ओले होते तिचं अर्धं उत्तर कागदावर घेतलं. त्याला कुठल्याही पुढाऱ्याने मला भाग पाडलं नव्हतं. आणि तिला ठाण्यात आणताना आम्ही गाडी पाठवली होती, साऱ्या बाजारासमोर. निर्दोष ठरवताना मात्र टपालाने कळवणार होतो.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, ऐन गर्दीत, मी गणवेश घालून त्याच गाडीतून बाजारात गेलो. सूनबाई आणि तिची सासू बरोबर होत्या. ओट्याशी उभा राहून म्हणालो की या बाईने एक पैसाही घेतलेला नाही. चूक पोलिसांची होती, तपास करणारा मी होतो, म्हणजे चूक माझी होती. याबद्दल पुढे वरून मला लेखी खुलासा विचारला गेला. गणवेशात सार्वजनिक ठिकाणी खात्याची चूक मान्य करण्याची परवानगी कुणी दिली, असा प्रश्न होता. मी उत्तर दिलं, 'कुणी नाही.'

तक्रारदार बाई कोळंबी सोलत खाली बघत होती. सासूने माझ्या बाहीला धरून मला ओळीच्या मधोमध आणलं.

"मोट्यानं बोला," ती म्हणाली. "तिला चोर म्हनले ते त्या पलीकडच्या गल्लीपर्यंत गेला हुता."

मी पुन्हा बोललो, घसा ताणून. मग पलीकडच्या गल्लीत जाऊन तिसऱ्यांदा. परत आलो तेव्हा तक्रारदार बाईने ओट्यावरची परकी टोपली उचलून खाली ठेवली होती आणि ओलं फडकं घेऊन ती जागा पुसत होती. माफी वगैरे कुणी मागितली नाही. सूनबाई बसली.